हीथ्रोची रांग आणि रोस्टर नावाची भानगड

मे महिना जवळ आला की माझा व्हॉट्सॲप तापायला लागतो. पुण्याची मावशी, ठाण्याचे वहिनीचे आई-बाबा, कधी कधी तर ज्यांना मी एकदाच कुणाच्या तरी लग्नात भेटलेय असे दादाचे मित्र, सगळ्यांचा प्रश्न एकच, "अगं हीथ्रोला इमिग्रेशनला किती वेळ लागतो?" मी लंडनला, हीथ्रोजवळच्या हाउन्स्लोला राहते, विमानं घरावरून जातात, म्हणजे मला माहीत असणारच. मी लिहिते, "वीस मिनिटं ते दोन तास." मग बराच वेळ नुसते दोन निळे टिक. हिला काही माहीत नाही असं त्यांचं मत झालेलं असतं.

पण खरं उत्तर तेच आहे हो. माझे स्वतःचे सासू-सासरे एकदा इतके पटकन बाहेर आले की मी अजून पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होते आणि सासूबाईंचा फोन, "आम्ही उभे आहोत, तू कुठेस?" त्याच विमानतळावर, त्याच पासपोर्टवर, दुसऱ्या एखाद्या सकाळी दीड-दोन तासही लागू शकतात. लोक याला नशीब म्हणतात. मला ते नशीब वाटत नाही, कारण मी पोटापाण्यासाठी हेच काम करते. म्हणजे विमानतळावर नाही, एका कंपनीच्या कॉल सेंटरचं रोस्टर बनवते. कुठल्या तासाला किती फोन येणार आणि तेव्हा किती माणसं खुर्चीत हवीत, दिवसभर हेच. त्यामुळे रांग दिसली की मी पुढचा माणूस बघतच नाही, आधी काउंटर मोजते, किती आहेत आणि किती चालू आहेत.

गणित अगदी चौथीतलं आहे. समजा सकाळी सकाळी दोन मोठी विमानं मागोमाग टेकली आणि दोन्हीत मिळून ३०० माणसं अशी आहेत ज्यांना पासपोर्ट तपासणारं मशीन चालत नाही, ऑफिसरसमोरच उभं राहावं लागतं. एकाला सरासरी ३ मिनिटं धरू. (३ मिनिटं कशाला लागतात असं विचारू नका, "किती दिवस राहणार?" या प्रश्नाला आपले काका मुलाची नोकरी, सुनेची डिलिव्हरीची तारीख आणि घराचा हप्ता एवढं सगळं सांगतात.) म्हणजे ९०० मिनिटांचं काम. १० काउंटरवर माणसं बसली असतील तर शेवटच्याचा नंबर दीड तासाने. १५ असतील तर तासाने. २० असतील तर ४५ मिनिटांनी. ऑफिसर तेच, प्रवासी तेच, प्रश्नही तेच, फरक फक्त खुर्च्या किती भरल्यात याचा. आणि हे चालू असताना तिसरं विमान टेकलं तर ती माणसं या रांगेच्या शेपटाला.

आता हा ४५ चा आकडा मी मुद्दाम काढला. बॉर्डर फोर्सचं, म्हणजे पासपोर्ट तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, वर्षानुवर्षं जे टार्गेट होतं ते असं, की ब्रिटिश आणि युरोपियन पासपोर्टवाल्यांपैकी ९५ टक्के लोक २५ मिनिटांच्या आत सुटले पाहिजेत आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांपैकी ९५ टक्के लोक ४५ मिनिटांच्या आत. आमच्याकडे याला सर्व्हिस लेव्हल म्हणतात. यातली गंमत रोस्टरवाल्यांना लगेच कळते. टक्केवारी अख्ख्या दिवसाची किंवा महिन्याची काढली की दुपारची मोकळी वेळ सकाळच्या गर्दीला झाकून टाकते. दुपारी जो माणूस सात मिनिटांत बाहेर पडला तो सकाळी दोन तास उभ्या राहिलेल्याच्या नावावर मार्क मिळवून देतो. आणि उरलेल्या ५ टक्क्यांनी किती वेळ उभं राहायचं याला वरची मर्यादा काही नाही.

तरी २०१८ च्या जुलैत असं झालं की या सवलतीतसुद्धा ते टार्गेट बसलं नाही. हीथ्रोला बाहेरच्या पासपोर्टवाल्यांसाठी ३१ दिवसांपैकी फक्त एका दिवशी ४५ मिनिटांचं टार्गेट पूर्ण झालं, आणि ६ जुलैला सगळ्यात वाईट रांग २ तास ३६ मिनिटांवर गेली. ३० दिवस हुकणं म्हणजे अपघात नसतो, तो प्लॅन असतो. म्हणजे कुणी मुद्दाम लोकांना छळायचं ठरवलं असं नाही म्हणत मी, पण एवढी माणसं येणार हे विमान कंपन्यांच्या तिकिटांवरून आधी माहीत असतं, आणि तरी तेवढ्या खुर्च्या भरल्या जात नाहीत, तर ते कुठेतरी बजेटमध्ये ठरलेलं असतंच ना.

सकाळीच गर्दी का, तर त्यालाही कारण आहे. हीथ्रोच्या आजूबाजूला आमच्यासारखी लाखो माणसं झोपलेली असतात म्हणून रात्री साडेअकरा ते सहा या वेळात विमानांच्या संख्येवर मर्यादा आहे, वर्षाला ५,८०० च्या आत. रनवे दोनच. मग आशियातून, आफ्रिकेतून, अमेरिकेतून रात्रभर उडून आलेली विमानं पहाटेपासून सकाळपर्यंत एकापाठोपाठ उतरतात. त्यात अटलांटिकवर वारा जोरात मागून असला की अमेरिकेची विमानं वेळेच्या आधी येऊन धडकतात. पायलट खुशीत अनाउन्समेंट करतो, आपण अर्धा तास लवकर पोचलो, पण ज्या ऑफिसरची शिफ्ट अर्ध्या तासाने सुरू होणार तो अजून घरी दात घासतोय.

या सगळ्या प्रकरणाचा सगळ्यात वाचण्यासारखा काळ म्हणजे २०११-१२. तेव्हा मी इथे नवीन होते आणि पेपरात रोज हेच.

झालं असं की २०१० नंतर सरकारने खर्चकपात सुरू केली, बॉर्डरवरची माणसंही कमी व्हायला लागली. २०११ च्या जुलैत तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी एक प्रयोग मंजूर केला की गर्दीच्या वेळी युरोपियन प्रवाशांची काही तपासणी थोडी सैल करायची, पासपोर्टमधली चिप प्रत्येक वेळी उघडून बघायची नाही, आईबापाबरोबर आलेली लहान पोरं संशयितांच्या यादीशी ताडून बघायची नाहीत, आणि तो वेळ जिथे धोका जास्त वाटतो तिथे वापरायचा. ऐकायला बरं. पण नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं की त्याच्याही पुढे जाऊन काही वेळा व्हिसावाल्यांच्या बोटांचे ठसे जुळवून बघणंसुद्धा थांबवलं होतं. बॉर्डर फोर्सचे प्रमुख ब्रॉडी क्लार्क यांना सस्पेंड केलं, त्यांनी राजीनामा दिला, संसदेच्या समितीसमोर ते आणि मंत्रीणबाई एकमेकांच्या उलट बोलले, बराच तमाशा झाला. कोण खरं कोण खोटं त्यात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, की रांग आणि माणसं यांचा मेळ बसत नव्हता, आणि तो बसवायला कुणीतरी तपासणीतच काटछाट केली. आमच्या धंद्यातही हे होतं, फोन जास्त आले की वरून निरोप येतो, "कॉल लहान करा." माणसं वाढवा असा निरोप क्वचितच येतो.

मग काय, प्रकरण अंगाशी आल्यावर हुकूम निघाला, प्रत्येकाची पूर्ण तपासणी, अपवाद नाही. माणसं तेवढीच किंवा कमी आणि काम वाढलं. १ मार्च २०१२ ला बॉर्डर फोर्स वेगळं खातं केलं, पाटी बदलली. एप्रिलमध्ये हीथ्रोच्या रांगा तीन तासांच्या बातम्यांपर्यंत पोचल्या. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने प्रवाशांना माफीची पत्रकं वाटली आणि त्यात लिहिलं की तक्रार करायची तर गृहखात्याकडे करा. त्यावर बॉर्डर फोर्सकडून निरोप आला की असली पत्रकं वाटू नका. लोक रांगेत उभे आणि ही दोघं भांडतायत की रांग कुणाची!

हा मुद्दा खरंतर बऱ्याच जणांना माहीतच नसतो. पासपोर्ट बघणारा माणूस विमानतळाचा नोकर नसतो. इमारत, खुर्च्या, दोऱ्या, पाट्या, हातात वॉकीटॉकी घेऊन "या लाइनीत या" म्हणणारी बाई, हे सगळं विमानतळाचं. काचेपलीकडचा माणूस गृहखात्याचा. दुकानं चालू, कॉफी चालू, कार्पेट चकाचक, आणि काउंटर बंद, असं दिसतं ते यामुळे. विमानतळाला कितीही वाटलं तरी तो एक ऑफिसर जास्तीचा बसवू शकत नाही, आणि गृहखात्याला तुमची टॅक्सी चुकली याचं काही देणं लागत नाही. रांगेमुळे ज्याचं नुकसान होतं त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याच्या खिशातून काही जात नाही.

त्याच काळात बॉर्डरचं काम तपासणारे जॉन व्हाइन नावाचे चीफ इन्स्पेक्टर होते, त्यांनी टर्मिनल ३ ची तपासणी केली. ती बातमी मी तेव्हा ऑफिसच्या बसमध्ये वाचली होती आणि मला आमच्या मॅनेजरला पाठवायची फार इच्छा झाली होती. त्यांनी म्हटलं की माणसं कमी केली, त्याच वेळी नवीन शिफ्ट पद्धत आणली, आणि त्याच वेळी इमिग्रेशन आणि कस्टम्स ही दोन वेगळी कामं एकत्र करून टाकली. तिन्ही एकदम! रोस्टरचं काम केलेल्या कुणालाही विचारा, यातली एक गोष्ट बदलली तरी दोन-तीन महिने सगळं डळमळतं. नवीन शिफ्ट म्हणजे कुणाला पहाटेची पहिली बस मिळत नाही, कुणाचं पोर शाळेत सोडायचंय, मग लोक आजारी पडतात, मग ओव्हरटाइम, मग ओव्हरटाइमलाही कुणी तयार नाही. कागदावर माणसं बरोबर दिसतात, आणि गर्दीच्या तासाला खुर्ची रिकामी.

मग त्याच उन्हाळ्यात ऑलिम्पिक. सगळं जग येणार, टीव्हीवर रांग दिसली तर लाज जाणार. सरकारने शब्द दिला की गर्दीच्या वेळी हीथ्रोचे सगळे काउंटर चालू ठेवू, दुसरीकडून माणसं आणली, आणि ज्याची भीती होती ते झालंच नाही, रांगा हलत्या राहिल्या. म्हणजे इमारत तीच, पासपोर्ट तेच, कायदा तोच. एप्रिलमध्ये जमत नव्हतं ते जुलैत जमलं. यावरून मी तरी एवढंच समजले की तीन तासांची रांग ही कुणाच्या तरी पगाराची बचत असते आणि ती आपल्या वेळातून वसूल होते. सुट्टी घेऊन न्यायला आलेल्या मुलाचा अर्धा दिवस, पार्किंगचे पौंड, सत्तरीच्या आजोबांचे गुडघे, हे कुठल्याच बजेटच्या कागदावर येत नाही.

असाच एक उलटा किस्सा २०२२ च्या डिसेंबरचा. ऐन ख्रिसमसात पीसीएस या सरकारी नोकरांच्या युनियनने, म्हणजे बॉर्डरवरच्या ऑफिसरांनी, संप केला, २३ ते २६ आणि परत २८ ते ३१. हीथ्रो, गॅटविक, मँचेस्टर वगैरे. सगळ्यांना वाटलं आता मेलो. सरकारने सैन्यातली माणसं थोडक्या दिवसांचं ट्रेनिंग देऊन काउंटरवर बसवली, दुसऱ्या खात्यातले लोक आणले. आणि रांगा चक्क नेहमीपेक्षा बऱ्या! लगेच काही लोक म्हणायला लागले, बघा, यांच्याशिवायही चालतं. मी उलटं म्हणेन. त्या आठ दिवसांसाठी कुणीतरी खरोखर बसून हिशोब केला की कुठल्या तासाला किती माणसं येणार, आणि तेवढ्या खुर्च्या भरल्या. नेहमी तो हिशोब इतक्या धास्तीने होत नाही. आणि सैनिकांचा पगार संरक्षण खात्यातून जातोय म्हणजे ते फुकट नव्हते.

कोविडचं लांबवत नाही, पण आपल्याशी थेट संबंध आहे म्हणून एवढं सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये हीथ्रोच्या अधिकाऱ्यांनी खासदारांच्या समितीला सांगितलं की रांगा दोन तासांच्या वर आणि कधी कधी सहा तासांपर्यंत जातायत, कारण प्रत्येकाचे टेस्टचे कागद, पत्त्याचा फॉर्म सगळं हाताने बघायचं. त्याच महिन्यात भारत रेड लिस्टमध्ये, म्हणजे जिथून येण्यावर जवळपास बंदीच अशा देशांच्या यादीत, टाकला, २३ तारखेच्या पहाटे चारपासून. त्याआधी परत येण्यासाठी आपल्या लोकांची झुंबड, विमान कंपन्यांनी भारतातून जास्तीची विमानं मागितली, आणि हीथ्रोने नाही म्हटलं. कारण? पासपोर्ट कंट्रोलला आधीच एवढी रांग आहे, अजून माणसं कुठे उभी करू. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर त्या रात्री नुसता गोंधळ, कुणाची आई नागपूरला अडकलेली, कुणाचा नवरा अंत्यविधीला गेलेला. आकाशात जागा होती, विमानं होती, माणसं तिकीट काढायला तयार होती, आणि अडलं कुठे तर काचेच्या त्या काउंटरपाशी.

आता मशीनकडे येऊ, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच की ई-गेट (पासपोर्ट मशीनवर ठेवला की आपोआप उघडणारं फाटक) आलीत ना, मग कशाला रांग. २० मे २०१९ ला ती ई-गेट्स अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर आणि दक्षिण कोरियाच्या लोकांसाठी खुली केली. त्याच दिवशी लँडिंग कार्डही बंद झालं, त्यामुळे मावशी, पेन घेऊन यायची गरज नाही, दर वर्षी सांगते. भारत त्या यादीत नाही. म्हणजे इथे पंधरा वर्षं राहणारा, टॅक्स भरणारा, कायमचा परवाना असलेला माणूस भारतीय पासपोर्टवर आला की त्याच रांगेत. घरातली पोरगी दहा वर्षांची झाली आणि तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असला की तिला मोठ्या माणसाबरोबर गेट चालतं. आमच्याकडे यावरून मुलीने बापाला चिडवून झालेलं आहे.

त्या सात देशांचे लोक आमच्या रांगेतून बाहेर पडले म्हणजे आमची रांग लहान झाली असं वाटेल, आणि थोडी झालीच. पण मशीन आलं की वरचे लोक पहिलं काय विचारतात तर आता माणसं किती कमी करता येतील. मग ७ मे २०२४ ची रात्र येते. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला देशभरातली ई-गेट्स बंद पडली, १५ विमानतळ आणि रेल्वे स्टेशनांवरची मिळून २७० च्या वर गेट, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत सगळं हाताने. त्याच्या आधल्या वर्षी मे महिन्यातल्या सुट्टीच्या वीकेंडला पण असंच झालं होतं. मशीनवर जाणारे सगळे एकदम काउंटरकडे वळले की जे काउंटर आधीच मोजून मापून ठेवलेत ते काय पुरणार. कॉल सेंटरमध्ये चॅटबॉट बंद पडला की आमचं हेच होतं, आणि तो बंद पडतोच, कधी पडणार तेवढं माहीत नसतं.

आणि गंमत बघा, २०२४ च्या त्या रात्रीच्या आठवडाभर आधी, २९ एप्रिल ते २ मे, हीथ्रोच्या बॉर्डर ऑफिसर्सचा संप होता आणि तो पगारासाठी नव्हता, रोस्टरसाठी होता! नवीन रोस्टरमध्ये सोयीच्या वेळा मिळणार नाहीत, त्यामुळे जवळपास २५० जणांना पासपोर्ट कंट्रोलचं काम सोडावं लागलं असं युनियनचं म्हणणं. ऑगस्टच्या शेवटी परत तोच संप. हे वाचून मला २०१२ चा तो टर्मिनल ३ चा रिपोर्टच आठवला. मी दोन्ही बाजू समजू शकते, कारण गर्दी पहाटे असेल तर माणसं पहाटेच हवीत, हे कुणी नाकारत नाही. पण जी बाई पंधरा वर्षं ते काम करतेय, जी एका नजरेत ओळखते की समोरचा घाबरलाय की खोटं बोलतोय, तिला पहाटे चार वाजता यायला जमत नाही म्हणून घालवलं, तर तिच्या जागी येणारा नवीन पोरगा प्रत्येकाला पाच मिनिटं लावणार. वर जे गणित केलं त्यात ३ च्या जागी ५ घालून बघा. १५ काउंटर असले तरी शंभर मिनिटं.

मुंबईबद्दल विचाराल तर तिथेही तेच, विमानतळ कंपनीचा आणि इमिग्रेशन केंद्राचं, आणि आखात-युरोपकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात म्हणून गर्दी रात्री. फक्त तिथे आपल्यासाठी एक बरी सोय झालीय. फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, दिल्लीला जून २०२४ मध्ये आणि मुंबईसह सात विमानतळांवर १६ जानेवारी २०२५ पासून. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) असलं की ऑनलाइन फॉर्म भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे, फी नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आणि ब्रिटिश लोक यावर हसू शकत नाहीत, कारण युरोपात जाताना आता तेही बाहेरचेच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ठसे आणि फोटो घ्यायची नवीन पद्धत सुरू झाली, आणि लिस्बनला तर रांगा इतक्या वाढल्या की डिसेंबरच्या शेवटी ती तीन महिने बाजूला ठेवावी लागली. नुसती मशीनं आणून भागत नाही, ती चालवायला आणि लोकांना समजवायला माणसंही लागतात.

तर यंदा येणाऱ्यांसाठी, परत परत विचारू नका म्हणून एकदाच. शक्य असेल तर पहाटे पोचणारं विमान टाळा, दुपारी उशिरा पोचणारं घ्या, पन्नास पौंड जास्त पडले तरी. विमानातून उतरल्यावर फोटो काढत रेंगाळू नका, चालायला लागा, पुढचे पन्नास जण गाठले तर वरच्या हिशोबाने दहा-पंधरा मिनिटं वाचतात. टॉयलेट रांगेच्या आधी. बीपीची गोळी आणि पाणी हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नाही. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर मागितली तर ती पण रांगच आहे. आमचा पत्ता आणि माझा नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. आणि काका, ऑफिसरने "किती दिवस?" विचारलं तर "सहा आठवडे" एवढंच सांगायचं. घराचा हप्ता मला येऊन सांगा.